दुर्बिणीचे कपाळ

४ फेब्रुवारी, मंगळवार

आजपासून पुन्हा दैनंदिनी लिहिणार आहे, कारण माझ्यावर एक काम सोपवले गेले आहे आणि ते मी उत्तम करीन याविषयी मला शंका नाही. शंका आहे ती त्याच्या शेवटच्या टप्प्याविषयी. परंतु तो टप्पा टाळता येईल, अशी व्यवस्था मी करणार आहे.

साधनाकाकी गावातील महिला बचत गटाच्या अध्यक्ष आहेत. आज त्यांच्या पडवीत गटाची बैठक होती. मला चहा द्यायला बोलावले आहे, असा माझा समज होता. तलावापलीकडील बंगल्याचे मालक नरहरी साहेब शनिवार-रविवारी पुण्याहून येतात आणि गटाकडून पिठले-भाकरी मागवतात. त्यांनी काकींना सुचवले आहे, की त्यांच्या ओळखीच्या मंडळींना सकाळी तलावावरील पक्षी दाखवावेत आणि मग जेवण द्यावे. मार्चमध्ये एक फेरी करून पाहायची. ती पाहुण्यांच्या पसंतीस उतरली, तर दर रविवारचे हे काम गटाला मिळेल. नाही तर ते पुण्याहून कुणी जाणकार माणसे आणतील.

"पाखरं दावायची म्हंजे काय करायचं?" रंभाबाईंनी विचारले. त्या गटातील सर्वांत तिखट जिभेच्या. "दिसत्यातच की ती. सकाळच्याला वाळवण घातलं की त्याच्यावरच बसत्यात."

"पुण्याच्या लोकांस्नी जवळनं बघायची असत्यात," काकी म्हणाल्या. "एक दुर्बीण लागंल. ती आपली शुभा निवडंल. आन पावण्यांस्नी सांगायचं कामबी शुभाच करंल. समद्या पाखरांची नावं पाठ हायेत तिला."

मी ताट घेऊन घाईने आत गेले.

मला बोलता येत नाही, असे नव्हे. मनात वाक्य पूर्ण तयार होते. कर्ता, कर्म, क्रियापद जागच्या जागी असतात. परंतु ते ओठांपर्यंत येईतो समोरच्यांचे बोलणे पुढे निघून गेलेले असते. दहावीला तालुक्यात पहिली आले, तेव्हा सत्काराला उत्तर म्हणून दोनच वाक्ये बोलायची होती. ती आजही माझ्याकडे शिल्लक आहेत. महाविद्यालयात प्राणिशास्त्र इंग्रजीतून शिकले आणि उत्तम गुण मिळवले, पण वर्गात मी बोलल्याचे कुणाला आठवणार नाही. कागदावर मात्र मी कधी अडखळत नाही.

म्हणून मी असा विचार केला आहे: दुर्बीण उत्तम असेल तर बोलण्याची गरजच उरणार नाही. जे लख्ख दिसते ते सांगावे लागत नाही.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

तीन दिवस केवळ वाचन केले. दुर्बिणीवर दोन आकडे असतात. पहिला वस्तू किती पट जवळ दिसेल ते सांगतो, दुसरा पुढच्या भिंगाची रुंदी सांगतो. सामान्य माणूस पहिल्या आकड्याच्या मोहात पडतो आणि तेथेच फसतो. जितके पट अधिक, तितका हाताचा कंप अधिक आणि दिसणारा तुकडा लहान. उडता पक्षी त्या तुकड्यात सापडतच नाही. दुसरा आकडा मोठा असेल तर पहाटेच्या अंधूक उजेडातही चित्र उजळ दिसते, पण वजन वाढते. तेव्हा आठ पट आणि बेचाळीस मिलिमीटर हीच आमच्यासाठी योग्य जोडी. शिवाय ती आतून सीलबंद हवी, नाही तर आमच्या मुळशीच्या हवेत पहिल्याच पावसाळ्यात भिंगांच्या आत बुरशी धरेल. गटाने ठरवलेल्या रकमेत हे सारे बसते.

संध्याकाळी राजूदादा पिरंगुटहून कारखान्यातून परतला तो एक दुर्बीण घेऊनच. राजूदादा म्हणजे काकींचा थोरला. रस्त्याकडेला विकायला बसलेल्या माणसाकडून घेतलेली. भिंगे माणकासारखी लाल, आणि अंगावर शंभर पट असे छापलेले.

"आई, दुकानात जायची गरजच न्हाई. ह्याच्यातनं चंद्रावरचं खड्डं दिसत्यात म्हणला त्यो."

"मंग दिसलं का?" काकींनी विचारले.

"चंद्रच घावला न्हाई."

मी ती डोळ्यांना लावली. पौड रस्त्यावर एका बसऐवजी दोन दिसल्या, दोन्ही तांबूस. लाल लेप लावला की भिंग भारी वाटते, परंतु तो लेप उजेड परत फेकतो. हे मला सांगायचे होते. तोवर दादा जेवायला बसला होता.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

काकींबरोबर पुण्याला जाऊन आले. दुर्बीण घेतली. निर्णय माझा आणि तो अचूक आहे.

दुकान जुने, काचेच्या कपाटांचे. मालक गृहस्थ वर्तमानपत्र वाचत होते आणि आम्ही आलो याचे त्यांना फारसे सुख झालेले दिसले नाही. मी काकींच्या मागे उभी राहिले. काकी बाजूला सरकल्या. मी पुन्हा मागे गेले. त्या पुन्हा सरकल्या. अखेर गल्ल्यासमोर मी एकटीच उरले. काकींना दुकानात वावरण्याची सवय नाही, असे दिसते.

"काय हवंय?" मालकांनी विचारले.

मी लिहून आणलेला कागद पुढे केला. त्यांनी तो वाचला, मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले आणि तीन दुर्बिणी समोर ठेवल्या. प्रत्येक दुर्बीण हातभर लांब धरून मी डोळ्यांकडची काच पाहिली. उजेडाचा ठिपका पूर्ण गोल असेल तर आतले लोलक चांगले. कडा कापल्यासारख्या असतील तर हलके. एक तेथेच बाद झाली. मग रस्त्यापलीकडच्या पाटीवरील अक्षरे वाचली, मधोमध आणि कडेलाही. उरल्या दोन: माझी आठ पट, आणि एक मोठी, दहा पट आणि पन्नास मिलिमीटरची.

"ही न्या," मालक मोठीवर हात ठेवून म्हणाले. "सगळे हीच नेतात."

काकींनी ती उचलून डोळ्यांना लावली. "आगं आई गं, खलबत्ता हाय का काय ह्यो! आन समदं हलतंय. त्यो समोरचा माणूस नाचतोय का?"

"तो उभा आहे, बाई."

मी आठ पटीच्या दुर्बिणीवर बोट ठेवले.

"तिला ही पायजे," काकी म्हणाल्या. "का पायजे ते ती सांगंल." आणि त्या गप्प झाल्या. मालकही गप्प. ते दोघेही माझ्या तोंडाकडे पाहत राहिले. हा काकींचा आडमुठेपणा मला मुळीच आवडला नाही; कारण कागदावर सविस्तर दिलेले होते. शेवटी मी म्हणाले, "हात हलतो."

"बरोबर," मालक म्हणाले आणि त्यांनी वर्तमानपत्र घडी घालून बाजूला ठेवले. मग भिंग कसे पुसावे, हे त्यांनी मला आपणहून दाखवले: आधी फुंकणीने धूळ उडवायची, मग मऊ सुती कापड, आणि हाताचे बोट कधीही लावायचे नाही. "बोटाचा तेलकटपणा लेप खातो. आणि कापडात कण असला की संपलंच."

बसमध्ये उरलेली वाक्ये सुचली. सगळी चांगली होती.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

आज जे झाले ते नीट क्रमाने लिहिते.

आमच्याकडे नवी वस्तू पुजल्याशिवाय वापरत नाहीत. मोटरसायकल आली की तिच्या दिव्याला हळद-कुंकू, पाण्याचा पंप आला की त्याच्या अंगाला, शिवणयंत्राला सुईच्या वर. शुक्रवार चांगला म्हणून आज गटाच्या सर्व बायका काकींच्या पडवीत जमल्या. पाटावर नवे खणाचे कापड घालून त्यावर दुर्बीण उभी ठेवली, पुढची मोठी भिंगे वर, आकाशाकडे. पूजा करायची ती धोंडाबाईंनी. त्या गटात सर्वांत वडील. गावातील प्रत्येक नव्या वस्तूला पहिले कुंकू त्यांच्या हातचे असते. राजूदादाची मोटरसायकल अजून एकदाही पडली नाही, याचे श्रेयही त्यांनाच दिले जाते.

धोंडाबाईंनी हळदीत पाणी कालवले, बोट बुडवले आणि त्या थबकल्या.

"आगं, हिचं कपाळ कुटं हाय?"

सगळ्या वाकून पाहू लागल्या.

"हे काय, मागं, डोळं लावत्यात तितं," कुणी म्हणाले.

"तितं डोळं लावत्यात तर कपाळ तितं कसं आसंल? आपुन काय कपाळानं बघतो का?"

"मंग खाली."

"खाली पाय आसत्यात," रंभाबाई म्हणाल्या. "हे बघा, वर कसं गोल गोल, लख लख करतंय. गाडीच्या दिव्यावाणी. गाडीला दिव्यालाच लावतो न्हवं?"

धोंडाबाईंना ते पुरते पटले नाही. त्या माझ्याकडे वळल्या. "शुभे, तू शिकलेली हायेस. तू सांग. कपाळ कुटं हिचं?"

सगळ्या माझ्याकडे पाहू लागल्या. उत्तर मला ठाऊक होते. भिंगांना काहीही लावू नका, हे तर नक्कीच ठाऊक होते. वाक्यही तयार होते: 'आजी, कृपया काचांना बोट लावू नका, त्यांवर एक नाजूक लेप असतो.' मी 'आजी' या शब्दासाठी ओठ उघडले, तेव्हा चोवीस डोळे माझ्यावर खिळल्याचे जाणवले आणि वाक्य परत आत गेले.

"गप हाय म्हंजे बरुबर हाय," रंभाबाई म्हणाल्या.

बोट खाली आले. एका भिंगाच्या मधोमध हळद, तिच्यावर कुंकू. मग दुसऱ्यावर. त्यावर अक्षता. नारळ फुटला. सर्वांनी हात जोडले आणि मीही जोडले.

पाहण्याचा पहिला मान रंभाबाईंनी घेतला. "दिसंना की वं काय! समदी पाखरं हळद्याच दिसत्याल आता!" सगळ्या हसल्या. आणि कुणी काही म्हणण्याआधी त्यांनी पदराच्या जरीच्या काठाने, अक्षतांच्या कण्यांसकट, भिंग खसाखसा पुसले.

२२ फेब्रुवारी, शनिवार

सकाळभर सफाई केली: फुंकणी, थेंबभर पाणी, आईच्या जुन्या मऊ साडीचा तुकडा. डावे भिंग पूर्ण स्वच्छ झाले. उजव्यावर चंद्रकोरीसारखा एक ओरखडा कायमचा राहिला आहे आणि कडेच्या खाचेत पिवळी रेघ, ती निघत नाही. तलावाकाठी जाऊन टिबुकली पाहिली. बुडी मारून वर येताना तिच्या पाठीवरून ओघळणारे पाणीही दिसते. सूर्य समोर असला तर उजव्या बाजूला किंचित धूसर येते, एरवी फरक नाही. पुस्तकांतही असेच लिहिले आहे: पुढच्या भिंगावरील लहानसा ओरखडा चित्र बिघडवत नाही.

म्हणजे तांत्रिकदृष्ट्या काहीही बिघडलेले नाही. हे मी तीनदा वाचले. मग इतके वाईट का वाटते आहे?

२ मार्च, रविवार

गटाच्या बायकांना दुर्बीण वापरायला शिकवण्यासाठी तलावावर नेले. नेले म्हणजे काकींनी नेले. मी प्रत्येकीच्या हातात दुर्बीण देऊन मधले चाक फिरवून दाखवले. शब्दांवाचून उत्तम चालले. बांगड्या वाजल्या की बदके उडतात, असे आढळून आले. काकींनी स्वतःच्या बांगड्या मनगटाला रुमालाने बांधल्या. मग सगळ्यांनी तसेच केले.

रंभाबाईंनी भिंग उन्हात धरून पाहिले. "हितं चरा हाय. आमची हुशार पोरगी पुण्याला गेली आन चिरलेली दुर्बीण घिऊन आली! दुकानदारानं बनवलं बरं का हिला."

मी काही बोलले नाही. खरे सांगितले असते तर बोल धोंडाबाईंवर आणि स्वतः रंभाबाईंवरच आला असता. दोष आपल्यावर घेणे अधिक चांगले, असे मला वाटते. काकींनी माझ्याकडे पाहिले. "काय सांगायचंय का तुला, शुभा?" मी नकारार्थी मान हलवली. काकी उगाचच रागावल्यासारख्या पुढे चालू लागल्या.

धोंडाबाईंना दुर्बीण द्यायला गेले तर त्यांनी हात मागे घेतले. "मला नगं बाई. माज्या हाताचं काय सांगावं." वयोमानाने हात कापत असावेत. किंवा त्यांना पक्ष्यांची आवड नसावी.

१२ मार्च, बुधवार

बोलण्याचा प्रश्न सुटला आहे. मी पुठ्ठ्याची कार्डे तयार केली आहेत. प्रत्येक पक्ष्याचे एक: समोर चित्र, मागे माहिती, सुवाच्य अक्षरात. शेकाट्या, धनवर, खंड्या, टिबुकली, तुतवार, वेडा राघू. सोबत सूचनांचे एक कार्ड: मोठ्याने बोलू नये, भडक रंगाचे कपडे घालू नयेत, दुर्बीण डोळ्यांना लावून चालू नये, पायाखाली पाहावे. पक्षी दिसला की मी त्याचे कार्ड पाहुण्यांच्या हातात देईन.

काकींनी सगळी कार्डे पाहिली. "लई झ्याक. आन तू काय करनार?"

"मी कार्डे देईन."

"म्हंजे मुकी."

"माहिती सगळी मागे आहे, काकी."

"मागं हाय, व्हय," काकी म्हणाल्या आणि ओट्यावर भाकरी थापू लागल्या. जरा जास्तच जोरात.

सायंकाळी फेरीचा मार्ग आखायला तलावावर गेले. पूर्वेच्या मोकळ्या खडकाळ काठावर टिटवी डोक्यावर घिरट्या घालून कर्कश ओरडू लागली, तेव्हाच ओळखले. बराच वेळ शोधल्यावर अंडी दिसली: चार, टोके आत, खड्यांमध्ये खड्यांसारखीच. घरटे नाहीच, उघड्यावर, उन्हात. पाहुण्यांचा मार्ग तेथून दूर, झाडांच्या रांगेतून नेईन. टिटवीचे कार्डही केले.

१७ मार्च, सोमवार

दुपारी धोंडाबाई वालाच्या शेंगा घेऊन आल्या. आई शेतात होती. त्या उंबऱ्यातच बसल्या. पुष्कळ वेळ पायाची पिंढरी चोळत राहिल्या. मग विचारले, "ती दुर्बीण... दिसतंय न्हवं तिच्यातनं?"

"दिसतं, आजी. चांगलं दिसतं."

"मंग बरं." आणि त्या चहा न घेताच उठल्या. एवढे विचारायला त्या इतक्या उन्हातून आल्या, याचे नवल वाटते. मी आणखी काही सांगावे, अशी त्यांची अपेक्षा होती की काय? अंगणाच्या टोकाला त्या एकदा थांबल्याही होत्या.

आता लिहिताना माझ्या ध्यानात येते आहे. 'माज्या हाताचं काय सांगावं.' त्या म्हाताऱ्या झाल्या म्हणून तसे म्हणाल्या नाहीत. मी किती बिनडोक आहे!

उद्या जाऊन सांगेन.

१८ मार्च, मंगळवार

गेले होते. घरात पाहुणे होते. परत आले.

२३ मार्च, रविवार

पहाटे नरहरी साहेब पाच पाहुण्यांना घेऊन आले. त्यांत हिंजवडीला कंपनीत काम करणारे वेदांत आणि त्यांच्या पत्नी किमया; नेऱ्याला राहतात, मूळचे विदर्भातले. गटातून काकी, रंभाबाई आणि धोंडाबाई आल्या. बाकीच्या स्वयंपाकाला. धोंडाबाई सर्वांत मागे चालत होत्या.

मी सूचनांचे कार्ड सर्वांना दिले. किमयाताईंनी ते वाचले. वेदांत यांनी "ओके, थँक्यू" म्हणून खिशात घातले.

पहिला खंड्या तारेवर होता. मी दाखवला आणि कार्ड दिले. पाहुण्यांनी कार्ड वाचले, मग वर पाहिले. तोवर खंड्या गेला होता. धनवर बदकांचेही तसेच झाले. दोघे एका कार्डासाठी थांबले, तिसऱ्याला चित्र उलटे आले. कुणीतरी विचारले, "ह्या बोलत नाहीत का?" नरहरी साहेब घड्याळ पाहू लागले आणि काकींना हळू आवाजात काही म्हणाले. काकींचा चेहरा मला दिसत होता. 'पुण्याहून' एवढाच शब्द माझ्या कानी आला.

तेवढ्यात पाण्यात शेकाट्यांचा थवा उतरला. लांब गुलाबी पाय, काळे-पांढरे अंग. वेदांत यांनी दुर्बीण मागून घेतली, डोळ्यांना लावली, "अरे वा, काय क्लिअर आहे यार!" म्हणाले आणि दुर्बीण न काढताच चालू लागले. झाडांच्या रांगेतून नव्हे. सरळ, शेकाट्यांच्या रोखाने, पूर्वेच्या खडकाळ काठावरून.

टिटवी उठली. ओरडत त्यांच्या डोक्यावर झेपावली. त्यांना वाटले तीही एक पाहण्यासारखी गोष्ट आहे. त्यांनी दुर्बीण वर केली आणि पाय पुढे टाकतच राहिले.

माझ्या मनात वाक्य तयार झाले: 'कृपया तेथेच थांबा, आपल्यासमोर टिटवीची अंडी आहेत.' अगदी शुद्ध वाक्य. आणि त्या वाक्याच्या मागे मला ते बोट दिसले, हळदीचे, भिंगाकडे खाली येणारे.

यापुढचे शब्द माझ्या तोंडून जसे निघाले तसेच लिहिते, कारण बदलून लिहिणे खोटे होईल.

"आवं थांबा! ए दादा! पाय टेकवू नगा! न्हाई, न्हाई, खाली न्हाई, तसाच धरा वर! तसंच ऱ्हावा!"

आवाज पलीकडच्या डोंगरावर जाऊन परत आला. शेकाटे सगळे उडाले. वेदांत एका पायावर, दुर्बीण डोळ्यांना, बगळ्यासारखे उभे. "काय झालं? साप आहे का?"

"अंडी हायेत! तुमच्या बुटाफुडं! मागल्या मागं या, डाव्या पायावर. हळू. आता टेकवा."

ते मागे आले. "कुठे आहेत? इथे तर नुसते दगड आहेत."

"त्या दगडातलंच चार दगुड अंडी हायेत," मी म्हणाले. माझे तोंड आता थांबेना. मी सर्वांना झाडांच्या सावलीत मागे आणले, खाली बसवले आणि सांगू लागले. टिटवी घरटे का बांधत नाही. ती शत्रूला चुकवण्यासाठी मुद्दाम भलतीकडेच जाऊन कशी ओरडते. नर आणि मादी आळीपाळीने कसे बसतात. कार्डे माझ्या पिशवीतच होती. "आता गप बसा," मी म्हणाले, आणि पुण्याचे पाच पाहुणे आणि एक साहेब गप बसले.

टिटवी उतरली. पण अंड्यांकडे न जाता ती पाण्याकडे गेली, आणि पोटापर्यंत पाण्यात उभी राहून अंग घुसळू लागली.

"अंघोळ करतेय?" किमयाताईंनी विचारले. दुर्बीण त्यांच्याकडे होती.

"न्हाई. पोट भिजवतीया. आता ऊन चढंल ना, दगडं तापत्याल. वल्ल्या पोटानं बसायचं, म्हंजे अंडी गार ऱ्हात्यात."

टिटवी चालत आली, थांबली, इकडेतिकडे पाहिले आणि अंड्यांवर पाणी गाळत बसली. किमयाताई पाहत राहिल्या. मग त्यांनी दुर्बीण दुसऱ्यांना दिली, त्यांनी तिसऱ्यांना. ओरखड्याविषयी कुणी चकार शब्द काढला नाही.

"आगं बया," रंभाबाई काकींच्या कानाशी म्हणाल्या, पण त्यांची कुजबूजही सर्वांना ऐकू जाते, "हिला गळा हाय की! आन मी इतकी वर्सं मुकी समजत व्हते."

वेदांत यांनी माझी क्षमा मागितली आणि खिशातले कार्ड काढून पहिल्यांदाच वाचले. "यात लिहिलं होतं तुम्ही. सॉरी." मग हसले. "माझी आजी वावरात अशीच ओरडायची, आम्ही पोरं रोपांवरून चाललो की. किती वर्षांनी ऐकलं."

इतक्या अशुद्ध आणि चढ्या स्वरात बोलल्याबद्दल मला लाज वाटायला हवी होती. जेवणाच्या वेळपर्यंत मी तिची वाट पाहिली. ती आली नाही.

जेवणानंतर नरहरी साहेब म्हणाले, "मग पुढच्या रविवारी?"

"फुडल्या रविवारी पाडवा हाय," काकी म्हणाल्या. "त्याच्या फुडल्या. आन मानसं जरा कमी आणा. दुर्बीण एकच हाय."

"दुसरी मी घेऊन देतो. कुठली घ्यायची?"

काकी बाजूला सरकल्या. मी एकटीच समोर उरले. या वेळी मला त्यांचे सरकणे दिसले, दुकानातलेही आठवले.

"आठ पट," मी म्हणाले. "दहाची लोक सुचवतील, ती घेऊ नका. का ते सांगते." आणि सांगितले, अगदी सविस्तर. साहेबांचे ताक तसेच राहिले.

३० मार्च, रविवार, पाडवा

सकाळी काकींकडे गुढी उभारली. खाली पाटावर विळा, शिवणयंत्राची कात्री, राजूदादाच्या मोटरसायकलची किल्ली आणि दोन दुर्बिणी, जुनी आणि साहेबांनी धाडलेली नवी. गटाच्या सगळ्या जमल्या होत्या. काकींनी हळदी-कुंकवाची वाटी पुढे केली. धोंडाबाई मागे खांबाला टेकून बसल्या होत्या. त्या उठल्या नाहीत.

"साधने, तूच लाव. माजं गुडघं दुखत्यात."

सगळ्यांसमोरच बोलायचे, असे मी ठरवून आले होते. मी वाटी घेतली आणि त्यांच्यापाशी जाऊन बसले.

"आजी, तुमीच लावायचं."

"नगं गं. तिला कपाळ न्हाई."

"हाय," मी म्हणाले. "मला तवाच ठावं व्हतं. तुमी मला इचारलं आन मी गप बसले. बोट तुमचं व्हतं, पर चूक माजी हाय. आन दुकानदारानं मला बनवलं न्हवतं, रंभामावशी."

रंभाबाई आपल्या पदराच्या काठाकडे पाहू लागल्या. "तरीच म्हनलं, लई खसाखसा पुसलं मी," त्या पुटपुटल्या. पण धोंडाबाई माझ्याकडेच पाहत होत्या.

"मंग सांग की आता. कुटं हाय?"

मी जुनी दुर्बीण त्यांच्या मांडीवर ठेवली. दोन नळ्यांच्या मधोमध एक बिजागरी असते. डोळ्यांतील अंतराप्रमाणे दुर्बीण तेथे मिटते आणि उघडते. तेथे भिंग नाही, लेप नाही, नुसता काळा धातू. मी त्यावर बोट ठेवले. मग तेच बोट माझ्या दोन भुवयांच्या मध्ये, टिकलीवर ठेवले.

"दोन डोळ्यांच्या मधी. आपलं असतं तितंच."

धोंडाबाईंनी बिजागरीकडे पाहिले, माझ्या कपाळाकडे पाहिले. मग हळदीत बोट बुडवले आणि अगदी मोजकी लावली, वर कुंकू. दुसऱ्या दुर्बिणीलाही. अक्षता मात्र त्यांनी स्वतःच वाटीत परत टाकल्या.

"आन ह्या डोळ्यांस्नी?" त्यांनी भिंगांकडे पाहत विचारले.

"डोळ्यांस्नी काय लावायचं न्हाई, आजी. निस्तं बघायचं."

त्यांनी जुनी, ओरखड्याची दुर्बीण उचलली. हात मुळीच कापत नव्हते. समोर तारेवर वेडा राघू बसला होता. मी मधले चाक फिरवून दिले. चित्र स्पष्ट झाले ते मला त्यांच्या चेहऱ्यावरूनच कळले.

पुष्कळ वेळ त्या पाहत राहिल्या. मी शेजारी बसून वाट पाहिली. बोलण्याची पाळी आता त्यांची होती.